आभाराची पत्रं लिहिणारी पर्मेलिया

नीबो कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी इतिहासाचं पुस्तक छापलंय. निळी बांधणी, वर सोनेरी घंटा. मला एक प्रत फुकट मिळाली, कारण त्या पन्नासांपैकी एक्केचाळीस वर्षं मी त्या कॉलेजचे कपडे धुतले आणि पोरींना शिवण शिकवलं. पुस्तकात माझं नाव दोनदा आलंय, त्यातलं एकदा चुकीचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पान एकसष्टवर लिहिलंय, ‘मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख मिस ड्रुसिला मॅबरी यांनी चौतीस वर्षं निष्ठेने सेवा केली.’ ते वाचलं आणि मी चष्मा काढून टेबलावर आपटला. ड्रुसिला मॅबरी कॉलेजात होती पाच महिने. तापानं गेली तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला शेवटची आंघोळ घालून झगा मीच चढवला. मला सांगू नका.

चौतीस वर्षं केली ती पर्मेलिया टॉलिव्हरनं, आणि पुस्तकात ती कुठेच नाही. तिच्या थडग्यावरच्या दगडावरही नाही, तिथंही मॅबरीच कोरलंय. ती जाऊन तीन वर्षं झाली. आता बोलल्यानं कोणाचं छप्पर जाणार नाही, म्हणून लिहितेय.

ज्या डोंगरावरून बायबलातल्या मोझेसनं देवानं कबूल केलेला देश नुसता डोळ्यांनी पाहिला, त्या डोंगराचं नाव नीबो. आमचं नीबो अलाबामात, कापसाच्या रानात, ताटासारखं सपाट. नाव ठेवणारे पाद्री उत्तरेकडचे होते. त्यांनी बहुधा जागा बघायच्या आधीच ते ठरवलं असणार. ‘कॉलेज’चंही तेच. पहिली दहा वर्षं तिथं बहुतेक जण मुळाक्षरं गिरवत होते, तिशीतले बाप्येसुद्धा. पण गुलामी सुटून दिवस तरी किती झाले होते? आम्हाला मोठं नाव हवं होतं, ते आम्ही घेतलं.

कॉलेज चालायचं ते उत्तरेकडच्या चर्चमधल्या बायकांच्या जिवावर. त्या जुन्या कपड्यांनी भरलेली पिंपं पाठवायच्या आणि ती उघडायचं काम माझ्याकडे होतं. एका पिंपातून नऊ बूट निघाले, सगळे डाव्या पायाचे. एकातून बर्फावर घसरायच्या लोखंडी पट्ट्या निघाल्या. त्यांनी आम्ही दोन वर्षं कोबी चिरला. तरी पत्र जायलाच हवं, की तुमची भेट पोचली आणि आमचे डोळे भरून आले. पिंपांहून मोठी गोष्ट म्हणजे ‘आपली मुलगी’. तिकडची एक बाई इकडच्या एका मुलीचा खर्च उचलायची आणि त्या मुलीनं दर महिन्याला तिला स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं. पत्र चुकलं की बाई हिरमुसायची, आणि बाई हिरमुसली की मुलगी घरी जायची, कापूस वेचायला.

आता ज्या पोरीला स्वतःचं नाव लिहायला घाम फुटतो, ती बोस्टनच्या बाईला काय लिहिणार? ते लिहायची पर्मेलिया. ती स्वतः विद्यार्थिनी असल्यापासून लिहायची.

ती केन क्रीकची. नदीपलीकडे, खेचराच्या गाडीनं तीन दिवस. उंच, हडकुळी, हात बाप्यासारखे मोठे, आणि बोलणं एवढं कमी की नवख्या माणसाला ती गर्विष्ठ वाटावी. तिची आई लूसिंडा आडनावावरून अख्ख्या केन क्रीकमध्ये प्रसिद्ध होती. गुलामी सुटल्यावर नावं लिहून घ्यायला सरकारी कारकून आला. तो सगळ्यांच्या नावापुढे जुन्या मालकाचंच आडनाव लावत होता. लूसिंडा म्हणाली, ‘ते त्याचं, त्यालाच ठेवू दे. माझं लिही टॉलिव्हर.’ कुठून आणलं म्हणून विचारलं तर म्हणायची, ‘मला आवडलं.’ तोवर त्या बाईनं जन्मात एक झगाही स्वतःच्या पसंतीनं घेतला नव्हता.

मेलियाचं, म्हणजे पर्मेलियाचं, शेवटचं वर्ष चालू असताना लूसिंडा गेली. मरताना सांगून गेली की शिकून झालं की इथंच ये, इथं शाळा घाल. केन क्रीकचं चर्च सांभाळणाऱ्या डीकन ओबेडनं तिथं पोरांना बसायला बाक ठोकले आणि निरोप धाडला, ‘जागा तयार आहे, बाई पाठवा.’ मेलिया वर्गात पहिली आली, तिनं गाठोडं बांधलं आणि रेव्हरंड व्हिटकोमना निरोप घ्यायला भेटली.

व्हिटकोम आमच्या कॉलेजचे प्रेसिडेंट. ते वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, मेलिया पहिल्याच वर्षी पळाली असती. पण ते आम्ही खायचो तीच मक्याची भाकर आणि काकवी खायचे, कोपरावर ठिगळ लावलेला कोट घालायचे, आणि त्यांची दोन मुलं आमच्याच कब्रस्तानात होती. त्या मुलखात आम्हाला ‘मिस’ म्हणून हाक मारणारा गोरा माणूस तो एकच. त्यापायी गावातल्या गोऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

‘मिस टॉलिव्हर,’ ते म्हणाले, ‘एकच वर्ष थांबा. तुम्ही गेलात तर पत्रं कोण लिहील? अर्ध्या मुली नाताळाआधी घरी जातील.’

ती थांबली. मी तिला म्हटलं, ‘अगं, ह्यांचं एक वर्ष म्हणजे सासूचं एक काम.’

‘एकच ना झिल्फे,’ ती म्हणाली. ‘पुढच्या जूनमध्ये मी गाडीत असेन बघ.’

महिन्याला साठ पत्रं. वरच्या वर्गातल्यांची उजव्या हातानं, नव्या आलेल्यांची डाव्या हातानं, म्हणजे अक्षर वेडंवाकडं यायचं. एक पोर खोडकर, तर तिचं पत्र खोडकर. एक रडवी, तर तिचं रडवं. मुली शेजारी बसून नुसत्या सह्या करायच्या. मी इस्त्री करता करता ऐकायची आणि हसायची. वाटायचं, कसब आहे पोरीत. कसब हाच गळफास होतो हे तेव्हा कुठं कळत होतं.

अठराशे शहाऐंशीच्या फेब्रुवारीत ड्रुसिला मॅबरी तापानं गेली. आईबाप नसलेली पोर, आम्हीच तिला पुरली आणि मी लाकडी फळीवर तिचं नाव तापल्या सळईनं डागून घेतलं. तिची उत्तरेकडची बाई होती मिसेस हुल्डा पेनिमन, व्हरमाँटची विधवा. तिला कळवायचं म्हणून मेलिया कागद घेऊन बसली, तर नेमकं त्याच दिवशी बाईचं पत्र आलं. तिची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली होती. लिहिलं होतं, ‘आता मला ह्या जगात ड्रुसिलाच्या पत्राशिवाय काही गोड लागत नाही.’

व्हिटकोमनी ते पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. ‘ह्या महिन्यात नको,’ ते म्हणाले. ‘पुढच्या महिन्यात कळवू.’

पुढच्या महिन्यात बाई आजारी होती. त्याच्या पुढच्या महिन्यात तिनं आम्हाला चर्चची घंटा दिली. घंटा घेऊन ‘तुमची मुलगी मेली’ कसं कळवणार? असं करत करत नऊ वर्षं गेली. एक खोटं झाकायला शंभर खोटी लागतात म्हणतात, पण इथं तसंही झालं नाही. मेलियाला खोटं सुचेचना. मेलेल्या पोरीच्या नावानं काय लिहायचं? मग तिनं स्वतःचंच लिहायला घेतलं. आई झऱ्यावर केस कशी धुवायची, कावळे हाकताना कुठलं गाणं म्हणायची, गोड जोंधळ्याच्या रसाची काकवी उकळताना सगळ्या गावाला वास कसा सुटायचा. बाकीची एकोणसाठ पत्रं ती तासाभरात उरकायची. हे एक लिहायला दोन दिवस लागायचे.

‘तू तिच्या नावानं स्वतःला विकतेयस,’ मी एकदा चिडून म्हटलं.

‘दुसरं ऐकणारं कोण आहे मला?’ ती म्हणाली. मी होते की. मला राग आला.

दर जूनला ती गाठोडं बांधायची आणि दर जूनला व्हिटकोम ‘एकच वर्ष’ म्हणायचे. एकदा छप्पर उडालं होतं, एकदा मुलींच्या खोलीत पाणी शिरलं होतं. दर पानगळीत केन क्रीकहून कोणीतरी ओबेडचा निरोप आणायचं, की मुलं वाढताहेत, बाई कधी येणार. पहिली काही वर्षं ती ‘पुढच्या वर्षी’ असा उलट निरोप द्यायची. पुढं तिनं निरोप देणं सोडलं. अख्ख्या कॉलेजची पत्रं लिहिणारीला ते एक पत्र लिहिता येईना.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात पदवीदान समारंभाला मिसेस पेनिमन स्वतः येणार असं कळलं. आपल्या ड्रुसिलाला भेटायला.

व्हिटकोम मेलियाला म्हणाले, ‘एक दिवस. फक्त एक दिवस तुम्ही ड्रुसिला व्हा. बाई परत गेल्या की मी स्वतः तुम्हाला केन क्रीकला पोचवतो. देवाशपथ.’ त्या माणसानं त्याआधी कधी शपथ घेतलेली मी ऐकली नव्हती.

मग ते माझ्याकडे वळले. ‘मिस स्पायव्ही, पाहुण्या कदाचित कब्रस्तानात फिरतील. तिथं जरा झाडलोट झाली तर बरं.’

बस, एवढंच बोलले. मी समजले. सकाळी जाऊन मी ड्रुसिलाची फळी उपटली आणि कपड्यांच्या कढईखाली घातली. पाइनचं लाकूड, चट्कन पेटलं. त्यांनी मला ते करायला सांगितलं असं कोणी म्हणू शकणार नाही. मी केलं. त्या पोरीला अजून फळी नाही, आणि आता नेमकी कुठली जागा तिची हे मलाही खात्रीनं सांगता येत नाही.

मिसेस पेनिमन आल्या. ठेंगण्या, काळ्या झग्यातल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पत्रं त्यांना त्यांची पुतणी वाचून दाखवायची. बैठकीच्या खोलीत मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मेलियाचा हात दोन्ही हातांत धरला होता.

‘वयाच्या मानानं थोराड वाटतेस गं,’ त्या म्हणाल्या.

‘काम असतं, बाई.’

‘त्या झऱ्याचं सांग ना. तुझ्या तोंडून ऐकू दे.’

मेलियानं सांगितलं. झरा सांगितला, कावळ्यांचं गाणं म्हणून दाखवलं, आई कशी गेली तेही सांगितलं. बाई रडल्या, मेलिया रडली. त्या दिवशी तिनं एक नाव सोडून काहीही खोटं सांगितलं नाही. दहा वर्षांत तिला एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

‘पोरी, तू मला कधी काही मागितलं नाहीस,’ बाई म्हणाल्या. ‘आज माग.’

मेलियानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, माग म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

‘मला एक शाळा घालायचीय,’ मेलिया म्हणाली. ‘नदीपलीकडे केन क्रीक म्हणून वस्ती आहे. लहानशीच. मला जाऊ द्या, एवढंच.’

बाईंनी तिचे हात कुरवाळले. मेलिया बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मला म्हणाली, ‘गाठोड्याला दोरी आहे का गं तुझ्याकडे?’ मी माझी कपडे वाळत घालायची दोरी कापून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या चर्चमध्ये बाई पुतणीचा हात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझ्या ड्रुसिलाचं मन एवढं मोठं, की तिनं मागितली काय तर रानातली एक झोपडी. असल्या मुलीला मी झोपडीत कशी घालू? मी इथंच मुलींसाठी तीन मजली विटांचं वसतिगृह बांधून देते. नाव ड्रुसिला मॅबरी भवन. मिस मॅबरी हयात असेतोवर त्याच प्रमुख राहतील. त्या सोडून गेल्या तर इमारत विकून पैसा माझ्या गावच्या अनाथाश्रमाला जाईल, म्हणजे माझ्या मुलीला इथून कोणी हलवू शकणार नाही.

आमची माणसं उभी राहून गाऊ लागली. त्यांच्यातल्या निम्म्यांना मेलियाचं खरं नाव ठाऊक होतं. कोणी पापणी हलवली नाही. गोऱ्यांसमोर काय माहीत नसायला हवं, ते आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो असतो. व्हिटकोमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘मिस मॅबरी,’ त्यांनी हाक मारली, ‘इकडे पुढे या.’ आणि ती गेली.

संध्याकाळी ते आमच्या धुलाईघराच्या दारात आले, टोपी हातात घेऊन. ‘मी शपथ घेतली होती,’ ते म्हणाले. ‘ती मोडणार नाही. तुम्हाला जायचं तर उद्या गाडी जुंपतो. बाईंना मी सगळं खरं सांगेन. पुढं जे होईल ते होईल.’

ते मनापासून बोलत होते. तोंड पांढरंफटक पडलं होतं. ते गेल्यावर मेलिया हसायला लागली. तिला मी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही.

‘दार उघडं आहे म्हणतो,’ ती म्हणाली. ‘दारात चाळीस पोरी उभ्या आहेत. त्यांच्यावर पाय देऊन जाऊ?’

‘दे पाय,’ मी म्हटलं. ‘मी दिला असता.’

‘तू नसता दिलास, झिल्फे. उगाच बोलू नकोस.’

त्या चाळीस पोरी तेव्हा तळघरात झोपायच्या, एका खाटेवर दोघी, आणि भिंतींना ओल. ड्रुसिला तिथंच आजारी पडली होती. मेलियानं दोरी सोडून मला परत दिली. पुढल्या वर्षी इमारत उभी राहिली आणि मिस मॅबरी तिच्यात राहायला गेल्या. नव्या आलेल्या पोरींना दुसरं नाव माहीतच नव्हतं. चार भिंतींत मी तिला मेलिया म्हणायची, तर हळूहळू तीच म्हणायला लागली, ‘नको गं, एखाद दिवशी बाहेर तोंडातून निघेल.’ मग मीही मिस मॅबरी म्हणू लागले. व्हिटकोम सत्त्याण्णव साली वारले. नव्या प्रेसिडेंटना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मिसेस पेनिमननी त्यानंतर चार वर्षांनी डोळे मिटले. शेवटच्या महिन्यापर्यंत तिला पत्र जात होतं.

वाटलं, आता सुटेल. पण अट बाईच्या हयातीची नव्हती, मेलियाच्या हयातीची होती. कागद गेले पुतणीकडे, मिस ग्रेसकडे. ती काटेकोर बाई. दर दोन वर्षांनी येऊन खिडक्यांची तावदानंसुद्धा मोजायची.

एकोणीसशे तीनच्या नोव्हेंबरात ती आली तेव्हा तिला हुक्की आली, की आपल्या कॉलेजातून शिकून गेलेल्या मुलींच्या शाळा बघायच्या. नव्या प्रेसिडेंटनी गाडी काढली. मिस मॅबरीला बरोबर घेणं आलंच, आणि पाहुण्या बाईंच्या तैनातीला मी. दोन शाळा पाहिल्या. तिसरी कुठली, तर केन क्रीक. दोन वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात वाढलेली अझाली तिथं शिकवायला गेली होती. तिला तिथं पाठवलं होतं मेलियानंच, स्वतःच्या हातानं शिफारस लिहून. नदी ओलांडल्यावर मी मेलियाचा हात धरला.

लाकडी चर्च, आत तीसेक पोरं, कोपऱ्यात शेगडी. अझालीनं पोरांना उभं केलं. ‘ह्या मिस मॅबरी. मला सगळं ह्यांनी शिकवलं.’ पोरांनी एका सुरात नमस्कार म्हटला. मेलियानं फळ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. एका पोरीला विचारलं, ‘वाचता येतं?’ त्या पोरीनं एक ओळ घडाघडा वाचली. ‘छान,’ मेलिया म्हणाली. मिस ग्रेस वहीत काहीतरी लिहीत होती.

बाहेर पडलो तर एक म्हातारा सरपण आणून टाकत होता. ऐंशीचा तरी असेल. त्यानं मान वर केली आणि सरपण हातातच राहिलं.

‘पर्मेलिया?’ तो म्हणाला. ‘लूसिंडाची पर्मेलिया ना तू? आलीस होय.’

मिस ग्रेस वळून बघायला लागली. ‘काय म्हणतात हे?’

मेलिया गाडीपासून चार पावलांवर उभी होती. मी मनात म्हणत होते, बोल, मेले, बोल, पडू दे ती इमारत. आत्ताही ते आठवलं की माझ्या हातांच्या मुठी वळतात.

‘नाही, काका,’ ती म्हणाली. ‘तुमची चूक होतेय. मी मॅबरी. ड्रुसिला मॅबरी.’

डीकन ओबेडनं मिस ग्रेसकडे पाहिलं, प्रेसिडेंटच्या कोटाकडे पाहिलं, मग परत मेलियाकडे. त्यानं सरपण खाली ठेवलं आणि टोपी काढली.

‘माफ करा हं, बाई. म्हातारे डोळे. तुमच्या कॉलेजात आमची एक पोर गेली होती, तिच्यासारख्या वाटलात. भेटते का हो ती कधी?’

‘भेटते कधीमधी.’

‘मग सांगा तिला. म्हणावं शाळा झाली, चांगली चाललीय. आम्ही वाट पाहिली, पण रागावलो नाही. आणि तिच्या आईची कबर दर वसंतात मी साफ करतो, ती काळजी नको करूस म्हणावं.’

‘सांगते,’ मेलिया म्हणाली.

कबर चर्चच्या मागेच होती, वीस पावलांवर. प्रेसिडेंटनी घोड्यांचा लगाम उचलला आणि मिस ग्रेस म्हणाली, काय गोड म्हातारा आहे. आम्ही गाडीत चढलो. मेलियानं तिकडे मान वळवली नाही. मिस मॅबरींचं तिथं कोण होतं?